कॅलेंडर ॲपमध्ये 'गूगलने साइन इन करा' : कितपत परवानगी द्यायची?

सांजवात | १२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. स्वतःचं क्लिनिक नाही, घरोघरी जाऊन पेशंट बघते. गुडघ्याची, खुब्याची ऑपरेशनं झालेले आजी-आजोबा, पक्षाघातातून उठणारे लोक, अशी दिवसाला सहा-सात घरं होतात. आजवर वेळा एका डायरीत आणि फोनमधल्या गूगल कॅलेंडरमध्ये, अशा दोन्हीकडे लिहीत होते. मागच्या महिन्यात दोनदा एकाच वेळेला दोन घरी कबूल करून बसले. मग एका मैत्रिणीने अपॉइंटमेंटचं एक ॲप सुचवलं. पेशंटच्या घरच्यांना लिंक पाठवायची, ते रिकामी वेळ बघून आपली नोंद करतात, आदल्या दिवशी त्यांना आठवण जाते.

काल रात्री ते उतरवलं. आत शिरायला दोन पर्याय होते: ईमेल आणि नवा पासवर्ड, नाहीतर 'गूगलने साइन इन करा'. मी दुसरा दाबला. गूगलचं पान उघडलं, खातं निवडलं, आणि पुढच्या पानावर लिहिलं होतं की हे ॲप तुमची सगळी कॅलेंडरं बघू शकेल, बदलू शकेल, शेअर करू शकेल आणि कायमची पुसू शकेल. तिथे माझा हात थांबला.

माझ्या कॅलेंडरमध्ये काय काय आहे ते सांगते. पेशंटचं नाव, पत्ता, कितवा मजला, किल्ली शेजारच्या कुणाकडे असते, दुपारी आजी घरात एकट्याच असतात. माझ्या आईच्या डायलिसिसच्या वेळा. मुलाची सहल. लोकांनी विश्वासाने मला घरात घेतलंय, ती माहिती माझी एकटीची नाही.

म्हणून विचारते. असं साइन इन केलं की माझा गूगलचा पासवर्ड त्या ॲपकडे जातो का? एवढी परवानगी खरंच लागते का? आणि दिलीच तर नंतर काढता येते का, की एकदा दिली म्हणजे दिली?

मोगरा | १२ जानेवारी, रात्री ९:५२

वाचतेय. मी आजवर सगळीकडे 'परवानगी द्या' दाबत आलेय, तुझा प्रश्न वाचून पोटात गोळा आला.

कोकणकडा | १२ जानेवारी, रात्री १०:३५

सांजवात ताई, हात थांबला ते उत्तम झालं. एका ॲपमधली माहिती दुसऱ्यात नेणाऱ्या जोडण्या लिहिणं हे गेली नऊ वर्षं माझं काम आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, पासवर्ड ॲपकडे जात नाही. ॲप तुम्हाला गूगलच्या दारात सोडून बाहेर थांबतं. पासवर्ड तुम्ही गूगलच्याच पानावर टाकता. तुम्ही हो म्हणालात की गूगल ॲपला एक कोड देतं. तो थोडाच वेळ चालतो आणि एकदाच वापरता येतो. तो दाखवून ॲप टोकन घेतं, आणि पुढचं रोजचं काम त्या टोकनवर चालतं.

देवळाबाहेर चपला ठेवल्या की पत्र्याचा बिल्ला मिळतो ना, टोकन अगदी तसं. बिल्ल्यावर तुमचं नाव नसतं. ज्याच्या हातात बिल्ला त्याला चपला. म्हणजे हरवला किंवा चोरला तर धोका आहेच, पण त्या बिल्ल्यावर चपलाच मिळतात, तुमच्या घराचं कुलूप त्याने उघडत नाही. आणि स्टँडवाल्याला सांगून तो रद्द करता येतो. गूगलचं रोजच्या कामाचं टोकन साधारण तासाभरात संपतं. ॲपकडे दुसरं लांब मुदतीचं टोकन असतं, ते दाखवून ते नवनवीन बिल्ले घेत राहतं. तुम्ही परवानगी काढता तेव्हा हे लांब मुदतीचं टोकन रद्द होतं.

ही पद्धत आली कारण त्याआधी फार वाईट चाल होती. २००७ च्या सुमारास कितीतरी साइट 'तुमचे मित्र शोधून देतो' म्हणत सरळ ईमेलचा पासवर्ड मागायच्या, आणि लोक द्यायचे. त्यावर उतारा म्हणून ओऑथ, म्हणजे पासवर्ड न देता परवानगी द्यायची ही पद्धत, आलं. पहिली आवृत्ती डिसेंबर २००७ ची, आज सगळीकडे चालते ती २.० ऑक्टोबर २०१२ ची. 'हा माणूस कोण' एवढं सांगणारा थर, ओपनआयडी कनेक्ट, फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यावर चढला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. 'मी कोण' हे सांगणं वेगळं आणि 'माझ्या कॅलेंडरला हात लाव' म्हणणं वेगळं. पहिल्यासाठी नाव, ईमेल आणि फोटो एवढंच जातं. त्या ॲपने दोन्ही गोष्टी एका बटणामागे ठेवल्यात. त्यावर उद्या लिहितो.

निवृत्त_पण_व्यस्त | १३ जानेवारी, सकाळी ६:१५

सांजवात, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून एकेरीत लिहितो. चौतीस वर्षं बँकेत काढली. काउंटरवर लोकांना एकच गोष्ट सांगत आलो, की कोऱ्या चेकवर सही करू नका. 'सगळं बघू, बदलू, पुसू शकेल' हा कोरा चेकच आहे.

आणि वरच्या सविस्तर उत्तराशी मी सहमत नाही. पासवर्ड जात नसेल, मान्य. पण उद्या ते एक गूगल खातं हातचं गेलं तर त्यावर लटकवलेली पंधरा ॲपं एकदम गेली. घरातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा बाहेरच्या खिळ्याला टांगण्यासारखं आहे हे. मी प्रत्येक ठिकाणी वेगळं खातं उघडतो, वेगळा पासवर्ड ठेवतो आणि तो वहीत लिहितो. वही कपाटात. कुणी हॅक करून दाखवावी.

अक्षांश | १३ जानेवारी, सकाळी ८:०४

काका, वहीला माझा सलाम, पण प्रत्येक ठिकाणी खरंच वेगळा पासवर्ड ठेवणारे तुमच्यासारखे किती? आमच्या हॉस्टेलवर निम्म्या मुलांचा एकच पासवर्ड सगळीकडे आहे. एक फडतूस साइट फुटली की ईमेल, कॅलेंडर, फोटो सगळं उघडं. त्यापेक्षा एकच दार असावं आणि त्याला भक्कम कडी लावावी. गूगल खात्याला दुहेरी पडताळणी लावली, पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने शिरायची सोय) बनवली की ते दार त्या फडतूस साइटच्या दारापेक्षा कितीतरी मजबूत.

तांबडा_पांढरा | १३ जानेवारी, सकाळी ११:२०

काकांच्या खिळ्याचा मला प्रत्यक्ष फटका बसलाय, तो सांगतो.

इंजिनिअरिंगला असताना कॉलेजने सगळ्यांना ईमेल दिला होता. गूगलवरच चालणारा, शेवटी कॉलेजचं नाव. तेव्हा मोठं भारी वाटायचं. कॅलेंडर ॲप, नोंदवही, कामांची यादी, सगळीकडे त्याच खात्याने साइन इन केलं. पास झालो, नोकरी लागली, तरी तेच चालू. दोन वर्षांनी एका सकाळी फोनने विचारलं, पुन्हा साइन इन करा. केलं तर खातंच नाही. कॉलेजने जुन्या मुलांची खाती बंद केली होती. नोटीस आली असेल, पण ती त्याच ईमेलवर, आणि तो मी उघडतच नव्हतो.

कॅलेंडर ॲपमध्ये पासवर्डने शिरायची सोयच नव्हती, कारण मी पासवर्ड कधी बनवलाच नव्हता. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की मेल जायचा कॉलेजच्याच पत्त्यावर. आजोबा गेले त्या वर्षाच्या सगळ्या नोंदी त्यात होत्या, दवाखान्याच्या तारखा, कोण कधी भेटायला आलं ते. सगळं गेलं.

तेव्हापासून माझा नियम: कॉलेजचं किंवा ऑफिसचं खातं बाहेरच्या कुठल्याही ॲपला द्यायचं नाही. ते खातं आपलं नसतं. आणि ज्या ॲपमध्ये गूगलने शिरलो त्यात सेटिंगमध्ये जाऊन दुसरा ईमेल किंवा पासवर्ड जोडता येत असेल तर त्याच दिवशी जोडायचा.

मोगरा | १३ जानेवारी, सकाळी ११:३१

अरे बापरे. आजोबांच्या नोंदींचं वाचून वाईट वाटलं रे.

माझ्या सगळ्या ॲपना शाळेने दिलेलं खातं आहे. आज सुटीत हेच काम.

कोकणकडा | १३ जानेवारी, दुपारी १:१०

काकांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. जुडगा एका खिळ्याला असतोच, म्हणून तो खिळा कुठे ठोकायचा हे महत्त्वाचं. तांबडा_पांढराने लिहिलंय ते सोन्यासारखं आहे.

आता परवानगीबद्दल. गूगल कॅलेंडरची परवानगी एकच नसते, बरेच प्रकार असतात आणि त्यातली कुठली मागायची हे ॲप बनवणारा ठरवतो. सगळ्यात हलकी म्हणजे फक्त 'मोकळा की व्यग्र' एवढं कळणं. त्यात नाव-पत्ता काही दिसत नाही, दुपारी ३ ते ४ हा वेळ भरलेला आहे एवढंच. मग नुसतं वाचणं. मग नोंदी वाचणं आणि बदलणं. आणि सगळ्यात जड म्हणजे तुम्हाला दिसलेली, कॅलेंडरं शेअर करण्याची आणि पुसण्याचीही. याखेरीज अशीही एक परवानगी आहे की ॲप स्वतःचं नवं कॅलेंडर तुमच्या खात्यात बनवेल आणि फक्त त्यालाच हात लावेल.

ताईंच्या ॲपचं काम काय? रिकामी वेळ शोधणं आणि ठरलेली भेट नोंदवणं. पहिल्याला 'मोकळा की व्यग्र' पुरतं, दुसऱ्याला स्वतःचं वेगळं कॅलेंडर पुरतं. सगळी कॅलेंडरं पुसण्याचा अधिकार त्याला कशाला हवा? मी सांगतो कशाला. सर्वात मोठी परवानगी मागितली की प्रोग्रामरला पुढे कधी विचार करावा लागत नाही. लबाडी असेलच असं नाही, बहुतेक वेळा आळस असतो. आमच्याकडे नवीन मुलं हेच करतात आणि मी दर वेळी परत पाठवतो. लोकांच्या आयुष्याचं वेळापत्रक आहे ते, आपल्याला लागेल तेवढंच मागावं.

गूगलच्या पानावर एकापेक्षा जास्त परवानग्या असतील तर बऱ्याचदा प्रत्येकीपुढे चौकट असते. ती रिकामी ठेवून पुढे जाता येतं. चांगलं ॲप तरीही चालतं, फक्त ती सोय मिळत नाही.

आणखी एक. 'गूगलने हे ॲप पडताळलेलं नाही' असा इशारा दिसला तर तिथून परत फिरा. कॅलेंडरची परवानगी गूगल 'संवेदनशील' गटात धरतं, ती सर्वांसाठी मागायची तर ॲपला गूगलकडून तपासून घ्यावं लागतं. न तपासलेल्या ॲपला १०० वापरकर्त्यांची मर्यादा असते. तुमच्या भाच्याने स्वतः बनवलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

देवचाफा | १३ जानेवारी, दुपारी ३:४५

माझा प्रश्न याच धाग्यात विचारते, चालेल ना? आमच्याकडे आयफोन. मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुली असं सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर आहे. त्यासाठी मोठ्या मुलीने एक वेगळं, दिसायला सुंदर कॅलेंडर ॲप आणलं. त्याने गूगलसाठी गूगलचं पान उघडलं, पण ॲपलच्या आयक्लाउडवरच्या कॅलेंडरसाठी स्वतःच्याच चौकटीत ॲपलचा आयडी आणि पासवर्ड मागितला. वरचं वाचून शंका आली. हे बरोबर आहे का?

रानवाट | १३ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

@देवचाफा, मुख्य पासवर्ड अजिबात देऊ नका. पण ॲप फसवंच आहे असंही लगेच ठरवू नका. यामागे इतिहास आहे.

कॅलेंडर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याची जी सामायिक भाषा आहे, कॅलडॅव्ह, ती मार्च २००७ मध्ये प्रमाण झाली. तेव्हा नाव आणि पासवर्ड पाठवणं हीच रीत होती. गूगलने पुढे ओऑथचा रस्ता धरला आणि ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डवर चालणारी बाहेरची ॲपं बंदच केली. मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांसाठी हेच १६ सप्टेंबर २०२४ ला केलं. आयक्लाउडच्या कॅलेंडरसाठी मात्र बाहेरच्या ॲपना पासवर्डचीच चौकट दाखवावी लागते. २०१४ मध्ये सनराइज नावाच्या एका लोकप्रिय कॅलेंडर ॲपवर याच कारणाने बरीच टीका झाली होती.

ॲपलने यावर तोड काढली ती 'ॲपपुरता पासवर्ड'. ॲपलच्या खात्याच्या पानावर जाऊन साइन-इन आणि सुरक्षेच्या भागात तो बनवायचा. सोळा अक्षरं, चार-चारच्या गटात. त्याला नाव द्यायचं, उदाहरणार्थ 'मुलीचं कॅलेंडर', आणि ॲपच्या चौकटीत मुख्य पासवर्डऐवजी तो टाकायचा. जून २०१७ पासून ॲपलने बाहेरच्या ॲपना हाच बंधनकारक केलाय. एका वेळी असे २५ ठेवता येतात, हवा तो एकटा रद्द करता येतो, आणि मुख्य पासवर्ड बदललात की सगळे आपोआप रद्द होतात.

म्हणजे त्या चौकटीखाली 'ॲपपुरता पासवर्ड बनवा' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर ॲप रीतीने वागतंय. तिथे मुख्य पासवर्ड मागत असेल तर काढून टाका.

मी स्वतः म्युनिकमध्ये घरच्या छोट्या मशीनवर नेक्स्टक्लाउड (फायली आणि कॅलेंडर आपल्याच मशीनवर ठेवायची प्रणाली) चालवतो. फोनवर डॅव्हएक्स५ नावाचं ॲप, ते नेक्स्टक्लाउडमधलं कॅलेंडर फोनच्या कॅलेंडरमध्ये आणून ठेवतं. पुण्यात आई-बाबांच्या औषधांच्या वेळा त्याच कॅलेंडरवर आहेत, त्यांच्या फोनवर वाजतात आणि इथे मला दिसतात. कुठल्याही कंपनीला ते माहीत असण्याची गरज मला वाटत नाही. पण ते मशीन अद्ययावत ठेवणं, बॅकअप घेणं हा दर रविवारचा तासभर आहे. सगळ्यांनी हे करावं असं मी सांगणार नाही.

देवचाफा | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:०२

चौकटीखाली बारीक अक्षरात तसंच लिहिलं होतं! मुलीने वाचलं नव्हतं, मुख्य पासवर्डच टाकत होती, तो चालत नव्हता म्हणून चिडली होती. आता सोळा अक्षरी बनवून दिला. खूप खूप धन्यवाद, रानवाट.

पोफळी | १३ जानेवारी, रात्री ८:५०

आमचं दिवेआगरला होमस्टे आहे, चार खोल्या, मागे वाडी. साइन इन न करताही कॅलेंडर कसं उघडं पडतं ते मी सांगते.

खोल्या दोन-तीन बुकिंग साइटवर लावलेल्या असतात. एकीवर खोली गेली की दुसरीवर बंद व्हावी म्हणून या साइट एकमेकींच्या कॅलेंडरच्या लिंक घेतात. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्येही तशी एक 'गुप्त पत्ता' म्हणून लिंक असते. तिला पासवर्ड लागत नाही. लिंक ज्याच्याकडे, त्याला कॅलेंडर वाचता येतं, फक्त बदलता येत नाही. मला हे माहीत नव्हतं. गावातल्या होमस्टेवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, एकाने विचारलं 'तुम्ही कशी जोडता?' म्हणून मी मदत करायला माझी खरी लिंक तिथे टाकली. दीडशे माणसं त्या ग्रुपवर.

माझ्या नोंदींत पाहुण्यांची नावं, फोन नंबर, किती माणसं, बरोबर लहान मूल आहे का, सगळं. चार महिने ती लिंक तिथे पडून होती. एका पाहुण्यांना आमच्याकडे येण्याआधी तिसऱ्याच कुणाचा फोन गेला, 'स्वस्तात देतो' म्हणून. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

उपाय सोपा निघाला. त्याच सेटिंगमध्ये गुप्त पत्ता रीसेट करायचं बटण आहे. दाबलं की जुनी लिंक मेली. नवी लिंक सगळ्या साइटवर पुन्हा चिकटवावी लागली, अर्धा दिवस गेला. आता त्या कॅलेंडरमध्ये मी 'खोली २, भरली' एवढंच लिहिते. पाहुण्यांची माहिती वेगळ्या वहीत.

निवृत्त_पण_व्यस्त | १३ जानेवारी, रात्री ९:०५

वही! पोफळीताई, कपाटात ठेवा.

मोगरा | १४ जानेवारी, सकाळी ७:३०

तिळगूळ घ्या, गोड बोला सगळ्यांनी.

अवांतर विचारते. आईचा वाढदिवस आम्ही तिथीने करतो, माघ शुद्ध पंचमी. गूगल कॅलेंडरमध्ये दर वर्षी तारीख हाताने बदलावी लागते. भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून मी जानेवारीतच सगळ्या तिथी टाकते. तिथी आपोआप टाकणारं एक ॲप काल मिळालं, पण त्यालाही सगळ्या कॅलेंडरची परवानगी हवी. इथलं वाचून थांबले.

कोकणकडा | १४ जानेवारी, सकाळी ९:१५

वसंत पंचमीचा वाढदिवस, आईंना आगाऊ शुभेच्छा!

अवांतर नाही, अगदी मुद्द्याचं आहे. तिथ्या तुम्हाला फक्त वाचायच्या आहेत, त्यासाठी कुणी तुमच्या खात्यात शिरायची गरज नाही. पोफळीताईंनी सांगितलेल्या लिंकचा हा सुलट उपयोग. पंचांगवाल्याने त्याच्या कॅलेंडरची लिंक द्यावी, तुम्ही ती आपल्या कॅलेंडरमध्ये 'लिंकवरून जोडा' म्हणून टाकावी. माहिती त्याच्याकडून तुमच्याकडे येते, तुमची त्याच्याकडे जात नाही. ज्या पंचांग ॲपला हे माहीत नाही त्याला ईमेल करून सांगा, लोकांनी सांगितलं तरच बदलतात.

फोनवरची परवानगीही विसरू नका. ॲप गूगलकडे न जाता थेट फोनला विचारू शकतं, 'कॅलेंडर वाचू का?' तिथे हो म्हटलं की फोनमध्ये जमा झालेली सगळी कॅलेंडरं, ऑफिसचं धरून, त्याला वाचता येतात. २०२३ मध्ये आलेल्या आयओएस १७ पासून आयफोनवर 'फक्त नवी नोंद घालू दे' असा वेगळा पर्याय आहे. तो पुरत असेल तर तोच निवडा.

अक्षांश | १४ जानेवारी, सकाळी १०:४०

खऱ्या गूगलच्या पानावरूनही फसवणूक झालेली आहे हे इथे नोंदवलं पाहिजे. ३ मे २०१७ ला जगभर लोकांना मेल आले, ओळखीच्याच माणसाकडून, 'एक डॉक्युमेंट शेअर केलंय'. लिंक दाबली की खरं गूगलचं साइन इन, खरं परवानगीचं पान. फक्त परवानगी मागणाऱ्या ॲपने स्वतःचं नाव 'गूगल डॉक्स' ठेवलं होतं. लोकांनी हो म्हटलं, ॲपने त्यांचे संपर्क वाचले आणि पुढे सगळ्यांना तोच मेल. गूगलने तासाभरात थांबवलं. पासवर्ड कुणाचाही चोरीला गेला नव्हता, तरी दार उघडलं होतं. म्हणून 'पान खरं आहे' एवढ्यावर निर्धास्त होऊ नये, कोण काय मागतंय ते वाचायचं.

खोटं पानही असतंच. काही साइट ब्राउझरच्या आत ब्राउझरचं चित्र काढतात, वर हुबेहूब गूगलचा पत्ता. ती खिडकी ओढून मूळ पानाच्या बाहेर नेऊन बघा. खरी असेल तर बाहेर येते, चित्र असेल तर कडेलाच अडकते. आणि पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड जपून ठेवून आपोआप भरणारं ॲप) वापरत असाल तर तो अशा जागी पासवर्ड भरतच नाही, कारण त्याला पत्ता वेगळा दिसतो. त्याने भरला नाही की मी थांबतो. याच कारणाने पासकीही तिथे चालत नाही.

निवृत्त_पण_व्यस्त | १४ जानेवारी, दुपारी १२:२०

काल नातवाला बसवून माझ्या गूगल खात्याला कुठली ॲपं जोडलेली आहेत ती यादी उघडली. मी कुठेही गूगलने साइन इन करत नाही असं ठामपणे लिहिलं होतं. यादीत सात ॲपं निघाली. एक कॅलेंडरचं, रेल्वे तिकिटाच्या तारखा टाकायला कधीतरी घेतलेलं. मला आठवतही नव्हतं. मी लगेच गूगलचा पासवर्ड बदलला. आता सगळी तुटली असतील ना?

कोकणकडा | १४ जानेवारी, दुपारी १२:५५

काका, इथेच बहुतेक जण फसतात. पासवर्ड बदलल्यावर गूगल फक्त ती टोकनं रद्द करतं ज्यांच्यात जीमेलची परवानगी आहे. नुसत्या कॅलेंडरची परवानगी असलेलं टोकन पासवर्ड बदलूनही जिवंत राहतं. ते सहा महिने वापरलंच नाही तर आपोआप मरतं, पण चालू ॲप तर रोज वापरतं.

म्हणून ते यादीतूनच काढायचं. गूगल खात्याच्या 'सुरक्षा' भागात बाहेरच्या ॲप आणि सेवांशी असलेल्या जोडण्या दिसतात. ॲपवर बोट ठेवलं की नेमकं काय दिलंय ते लिहिलेलं असतं आणि तिथेच काढून टाकायची सोय आहे.

हा ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचाही उलगडा. परवानगी काढता येते, त्या क्षणापासून नवीन काही जात नाही. पण आधी त्यांच्या सर्व्हरवर उतरवून घेतलेलं तिथेच राहतं. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी ॲपमध्ये शिरून तिथलं खातं आणि माहिती पुसायला सांगा, ते झाल्याचं बघा, मग गूगलकडून जोडणी तोडा. उलट केलंत तर कधीकधी ॲपमध्ये शिरायचं दारच राहत नाही.

रानवाट | १४ जानेवारी, दुपारी ३:१०

याला जोडून: ॲप विकलं जातं किंवा बंद पडतं तेव्हाही यादी उघडा. मी वर सांगितलेलं सनराइज २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि २०१६ मध्ये बंद झालं. ॲप फोनवरून काढल्याने परवानगी जात नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

भारतात २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हे तत्त्व स्पष्ट लिहिलंय, की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होतेय, पण ॲपवाल्यांना ईमेल लिहिताना त्याचा उल्लेख जरूर करा.

सांजवात | १५ जानेवारी, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल-परवा संक्रांतीच्या गडबडीत लिहायला जमलं नाही, पण धागा दोनदा वाचला आणि आज दुपारी बसून व्यवस्था लावली.

कामासाठी वेगळं गूगल खातं उघडलं. दुहेरी पडताळणी लावली आणि परत मिळवण्यासाठी माझा खाजगी ईमेल आणि फोन दिला. तांबडा_पांढराचा अनुभव वाचला नसता तर हे सुचलं नसतं. त्या नव्या खात्यात फक्त भेटींचं कॅलेंडर आहे. माझं खाजगी कॅलेंडर त्याच्याशी 'मोकळी की व्यग्र' एवढंच शेअर केलंय. त्यामुळे आईच्या डायलिसिसच्या दिवशी तिथे नुसता 'व्यग्र' असा पट्टा दिसतो, का ते दिसत नाही. ॲपला साइन इन नव्या खात्याने केलं. त्याने तीच जड परवानगी मागितली, पण आता त्या खात्यात पुसण्यासारखं आहे ते फक्त माझं भेटींचं वेळापत्रक, आणि त्याची नक्कल डायरीत आहेच.

नोंदीत पेशंटचं नाव लिहीत नाही. 'वि.बाग, गुडघा, २' असं लिहिते. विश्रामबागेतला गुडघ्याचा दुसरा पेशंट, मला कळतं. पत्ता, किल्ली, घरी कोण असतं, हे सगळं डायरीत नेलं. जुन्या खात्यातल्या नोंदी एकेक उघडून तो मजकूर पुसला, सव्वातीन तास लागले. एका आजींच्या नोंदीत तर दाराचा कडी-कोयंडा नीट लागत नाही असंही मी लिहून ठेवलं होतं. ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. उद्या त्यांच्याकडे जाणार आहे, आधी त्यांच्या मुलाला कोयंडा बदलायला सांगणार.

ॲपवाल्यांना ईमेलही लिहिला, की तुमच्या कामाला एवढी परवानगी लागत नाही, कमी मागा. कोकणकडांच्याच शब्दांत.

कोकणकडा | १५ जानेवारी, रात्री १०:४०

ताई, मी इतक्या वर्षांत पाहिलेल्या मांडणीत ही अतिशय नेटकी आहे. एकच भर: नोंद करणाऱ्या घरच्यांना ॲप काय विचारतं ते बघा. त्यांच्या अर्जात 'आजार', 'पत्ता' असे रकाने असतील तर ते बंद करा. नाहीतर तुम्ही लिहीत नाही ते त्यांच्या हातून तिथे पोचेल.

सांजवात | १५ जानेवारी, रात्री १०:५८

आहेत! दोन्ही आहेत. आत्ताच बंद करते.

निवृत्त_पण_व्यस्त | १६ जानेवारी, सकाळी ६:०५

सातपैकी सहा काढली. सातवं नातवाचं बुद्धिबळाचं आहे, त्यात फक्त नाव आणि ईमेल दिलाय असं यादीत दिसतंय. ते राहू देतोय. रेल्वे तिकिटाच्या ॲपला खातं पुसायची विनंती काल पाठवली, उत्तर आलं की इथे लिहितो.